संकेतस्थळाचे नूतनीकरण आणि शोधयंत्रांतील आपले स्थान

आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने करून घेतलेली संकेतस्थळे आता जुनी दिसू लागली आहेत. अक्षरे बारीक, चित्रे अंधुक, आणि मोबाइलच्या पडद्यावर पान मावता मावत नाही. मग एखादा रुग्णच विनोदाने सांगतो, कन्या-पुत्र आग्रह धरतात, आणि आपण नव्या संकेतस्थळाचे काम कोणा तरुण संगणकतज्ज्ञाकडे सोपवून मोकळे होतो. नवे रूप खरोखरच देखणे होते. परंतु महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात येते की, गूगलवर शोध घेऊन येणारे रुग्ण थांबले आहेत, औषधालयाकडे परगावाहून येणारी विचारणा आटली आहे. नव्या संकेतस्थळात दोष काय, हे कोणाला सांगता येत नाही, कारण डोळ्यांना दिसणारा दोष तेथे नसतोच.

आम्ही या अनुभवातून गेलो आहोत. आमच्या चिकित्सालयाचे संकेतस्थळ २०१० साली सिद्ध झाले. साठ-पासष्ट पाने होती आणि बहुतेक लेखन आम्ही स्वतः केले होते. त्यांतील एक पान संसर्जन क्रमाचे होते. वमन-विरेचन झालेल्या रुग्णाला आम्ही जी छापील पत्रिका देत असू, तिच्या तळाशी त्या पानाचा पत्ता छापलेला असे. पेया कशी करावी, विलेपी कशी, यूष केव्हा सुरू करावे, हे सर्व रुग्णाने घरी गेल्यावर शांतपणे पाहावे, हा हेतू. २०१९ साली आम्ही संकेतस्थळ नवे करून घेतले. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी विरेचन झालेल्या एका शिक्षिका भगिनी चौथ्या दिवशी अजीर्ण, अरुची आणि अंग जड झाल्याची तक्रार घेऊन आल्या. विचारपूस करता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कागदावरचा पत्ता टाकला की तुमचे पहिलेच पान पुन्हा पुन्हा उघडते. पेज कशी करायची ते कुठेच सापडले नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून नेहमीचे जेवले." तोंडी सूचना दिलेल्या होत्या, पण त्यांचा भरवसा कागदावर होता, आणि तो तसा असण्यात त्यांची चूक नव्हती. पान हरवले नव्हते. नव्या संकेतस्थळावर ते होते, केवळ त्याचा पत्ता बदलला होता, आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या जागी नेण्याची व्यवस्था कोणी केली नव्हती.

जे त्या रुग्णेचे झाले, तेच शोधयंत्राचेही झाले होते. 'विरेचनानंतर काय खावे' असे शोधणाऱ्याला पूर्वी आमचे पान पहिल्या काहींत दिसत असे, आता ते दिसेना. पुढील वर्ष-दीड वर्ष आम्ही हा विषय खटपट करून समजून घेतला. जे समजले ते आमच्या सभासदांना उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

मुळाशी एकच गोष्ट आहे. शोधयंत्राच्या दृष्टीने आपले संकेतस्थळ म्हणजे त्याचे रंगरूप नव्हे, तर पत्ते आणि त्या पत्त्यांवरील शब्द होत. शोधयंत्राचा एक स्वयंचलित वाचक असतो. तो एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतो, वाचलेला मजकूर त्या पानाच्या पत्त्याखाली नोंदवून ठेवतो. १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जी पद्धत पुढे आणली तिचा गाभा असा होता की, एखाद्या पानाकडे इतर किती व कोणती पाने निर्देश करतात यावरून त्या पानाची योग्यता ठरवावी. आपल्या परिभाषेत हे काहीसे आप्तवचनासारखे आहे. ज्याच्याकडे जाणते लोक बोट दाखवतात तो विश्वासार्ह. आज यात इतर अनेक गोष्टींची भर पडली आहे, तथापि ते मूळ तत्त्व गेलेले नाही. येथे ध्यानात घ्यावयाची बाब ही की, हे श्रेय वैद्याच्या नावे जमा होत नाही, ते पत्त्याच्या नावे जमा होते. पत्ता बदलला आणि काहीच कळवले नाही, तर जुन्या पत्त्याच्या खात्यावरील पुण्याई तेथेच पडून राहते आणि नवा पत्ता अनोळखी नवशिक्या म्हणून रांगेच्या शेवटी उभा राहतो.

पत्ता बदलला असे मानण्यास फार मोठा फरकही लागत नाही. पूर्वीच्या पानांच्या पत्त्याअखेर 'एचटीएम' किंवा 'एएसपी' अशी अक्षरे असत, नव्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत ती सहसा नसतात. 'सेवा' नावाच्या विभागातील पान 'उपचार' विभागात गेले, किंवा पूर्वीच्या 'एचटीटीपी'ला सुरक्षिततेचे 'एस' जोडले गेले, तरी तो नवा पत्ता होय.

म्हणून सर्वांत उत्तम उपाय निदानपरिवर्जनाचा, म्हणजे पत्ते बदलूच नयेत. रूप बदला, रचना बदला, आतील प्रणाली बदला, परंतु पान ज्या पत्त्यावर होते त्याच पत्त्यावर ठेवा. चांगले पत्ते बदलत नाहीत, या आशयाचा एक छोटा निबंध महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवला होता. तंत्रज्ञ अनेकदा "नव्या प्रणालीत हे शक्य नाही" असे सांगतात. आमच्या अनुभवात ते बहुधा शक्य असते, थोडे अधिक काम पडते इतकेच. मात्र सर्वच ठिकाणी ते साधत नाही, आणि मग स्थलांतर विधिपूर्वक करावे लागते. शोधनकर्माप्रमाणे येथेही पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग पडतात आणि, आपल्याकडे रुग्ण करतात तीच चूक येथे आपण करतो, ती म्हणजे प्रधानकर्मालाच सर्वस्व मानण्याची.

पूर्वकर्म

जुने संकेतस्थळ चालू असतानाच त्याच्या प्रत्येक पानाची नोंदवही तयार करावी. डावीकडे जुना पत्ता, मग पानाचे शीर्षक, ते पान कोणत्या शब्दांनी शोधले जाते, आणि उजवीकडे नवा पत्ता. पन्नास-शंभर पानांच्या संकेतस्थळाला हे दोन संध्याकाळींचे काम आहे. ते वैद्याने किंवा औषधालयाच्या मालकाने स्वतः बसून करावे. तंत्रज्ञाला आपल्या कोणत्या पानाचे मोल किती, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्या तंत्रज्ञाने संसर्जन क्रमाचे पान 'पाककृती' या विभागात टाकले होते, यावरून काय ते समजावे.

ही यादी करताना स्मरणावर विसंबू नये. गूगलची सर्च कन्सोल नावाची विनामूल्य सेवा आहे. २०१५ पूर्वी तिला वेबमास्टर टूल्स म्हणत असत. आपले संकेतस्थळ आपलेच असल्याचा पुरावा तिला दिला की, कोणते पान कोणत्या शब्दांच्या शोधात किती वेळा दिसले आणि किती जणांनी ते उघडले, याचा मागील १६ महिन्यांचा तपशील ती दाखवते. हा तपशील नूतनीकरणापूर्वी उतरवून घ्यावा. पुढे घसरण झालीच तर तुलनेसाठी हाती काही असावे लागते. चिकित्सेपूर्वीची नाडी आणि वजन लिहून ठेवले नसेल, तर चिकित्सेने काय केले हे कसे सांगणार? ही सेवा आपल्या स्वतःच्या खात्याने उघडावी. आमच्या बाबतीत ती तंत्रज्ञाच्या खात्यात होती. त्याने नोकरीसाठी गाव सोडले आणि त्याबरोबर आमच्या सर्व नोंदीही गेल्या.

यादीत छापील साहित्य विसरू नये, आणि ही सूचना औषधालय चालवणाऱ्या बंधूंसाठी विशेष आहे. औषधांच्या खोक्यांवर, माहितीपत्रकांवर, लेबलांवर आता क्यूआर कोड असतो. त्या चौकोनात एक पत्ताच दडलेला असतो. बाजारात गेलेला माल परत बोलावून लेबल बदलता येत नाही. आसवारिष्टाची बाटली दुकानाच्या फळीवर किती काळ राहील याचा नेम नाही, आणि तितका काळ तो पत्ता योग्य पानावर पोहोचला पाहिजे. अनुपान आणि मात्रा वाचण्यासाठी ग्राहकाने कोड उघडावा आणि समोर रिकामे पान यावे, ही गोष्ट केवळ विक्रीच्या दृष्टीने नव्हे, तर रुग्णाच्या दृष्टीनेही बरी नाही. वितरकांची पत्रके, परिषदांच्या स्मरणिका, जुने लेख आणि गूगलच्या नकाशावरील आपल्या व्यवसायाची नोंद यांतही आपले पत्ते विखुरलेले असतात.

ज्यांचे जुने संकेतस्थळ आधीच पुसले गेले आहे त्यांनीही निराश होऊ नये. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ साली स्थापन झालेली अमेरिकेतील संस्था जगभरच्या पानांच्या प्रती जतन करून ठेवते. तिचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुले आहे. आमची काही पाने आम्हाला तेथेच सापडली. चित्रे गेली होती, मजकूर शाबूत होता. वर्णनात्मक पानांसाठी तेवढे पुरेसे आहे.

मजकूर आणि रुग्णाची भाषा

पूर्वकर्मातच मोडणारा, परंतु स्वतंत्रपणे सांगावा असा विषय शब्दांचा आहे. नूतनीकरण करताना जुना मजकूर 'व्यावसायिक' करून घेण्याचा मोह होतो. आमच्या जुन्या पानाचे शीर्षक 'पित्त वारंवार होत असल्यास काय करावे' असे होते. नव्या पानावर ते 'हायपरॲसिडिटी मॅनेजमेंट' झाले. एका सहव्यवसायी मित्रांनी उलट दिशेची चूक केली. त्यांनी 'केस गळणे' काढून 'खालित्य' घातले. शास्त्रदृष्ट्या त्यांचे बरोबर होते. परंतु केस गळणारा मनुष्य 'खालित्य' शोधत नाही. गुडघे दुखणारी आजी नातवाला 'गुडघेदुखी' असेच लिहावयास सांगते. ते संधिगतवात आहे की आमवात, हा निर्णय तिने नव्हे, आपण करावयाचा असतो.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. निघंटूंनी एकेका द्रव्याची अनेक पर्यायनामे दिली ती यासाठीच की, द्रव्य अनेक प्रदेशांत अनेक नावांनी ओळखले जाते. गुडूची, अमृता, गुळवेल, गिलोय ही सर्व नावे एकाच पानावर वाक्यांच्या ओघात आली, तर कोणत्याही नावाने शोधणारा तेथे पोहोचतो. मात्र शीर्षकात लोकव्यवहारातील नाव असावे आणि शास्त्रीय नाव त्याच्या मागोमाग यावे. जे शीर्षक आधीपासून लोकांना आपल्या पानावर आणत आहे, ते तर बदलूच नये. नवी प्रणाली घालताना आणखी एक प्रमाद सर्रास घडतो. सर्व पानांचे वरचे शीर्षक एकच होऊन बसते, कधी चिकित्सालयाचे नाव, तर कधी नुसते 'मुख्यपृष्ठ'. शोधयंत्र शोधाच्या उत्तरात बहुधा तेच शीर्षक दाखवते. औषधालयाच्या प्रत्येक बाटलीवर केवळ 'औषध' असे लेबल लावल्यासारखे ते होते.

जुन्या मराठी संकेतस्थळांची एक खास अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत मजकूर बसवत असू. डोळ्यांना ती मराठी अक्षरे दिसत, पण आत रोमन चिन्हेच असत. साहजिकच शोधयंत्राला तो मजकूर अर्थहीन वाटे. नूतनीकरण ही असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची चांगली संधी आहे. रूपांतर करणाऱ्या सोयी उपलब्ध आहेत. मात्र त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, हे समजते व दुरुस्तही करता येते. धोका मात्रांच्या आकड्यांत आहे. आमच्या एका पानावर अर्ध्याची खूण रूपांतरात गळून पडली आणि त्रिफळा चूर्णाची मात्रा एक चमचा अधिक झाली. त्रिफळ्याच्या बाबतीत ते निभावले. रसकल्पाच्या पानावर असे झाले असते तर? मात्रा, अनुपान, काल आणि निषेध असलेली प्रत्येक ओळ वैद्याने मूळ प्रतीशी ताडून पाहावी. हे काम दुसऱ्यावर सोपवण्याजोगे नाही.

पत्ते देवनागरीत ठेवावेत काय, असेही विचारले जाते. गूगलला ते चालतात. परंतु युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील एक चिन्ह तीन बाइटांचे होते आणि पत्ता पाठवताना ते नऊ रोमन चिन्हांत लिहिले जाते. 'आयुर्वेद' हा शब्द काना-मात्रा-हलन्त धरून आठ चिन्हांचा आहे, त्याचा पत्त्यात ७२ चिन्हांचा लांबलचक सर्प होतो. कागदावर छापण्यास आणि संदेशातून पाठवण्यास तो गैरसोयीचा. आम्ही पत्ते छोटे व रोमन लिपीत आणि मजकूर मराठीत असा मार्ग स्वीकारला. ज्यांचे देवनागरी पत्ते पूर्वीपासून चालत आहेत, त्यांनी केवळ या कारणासाठी ते बदलू नयेत.

शीर्षकांविषयी एक इशारा येथेच देतो. नवे संकेतस्थळ उठावदार व्हावे म्हणून तंत्रज्ञ 'मधुमेहावर रामबाण', 'खात्रीशीर गुण' अशी शीर्षके सुचवतात. औषधी द्रव्ये व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा अधिनियम आजही लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. अधिनियमाखाली उत्तर आपल्याला द्यावे लागते, तंत्रज्ञाला नव्हे. शिवाय आरोग्यविषयक पानांबाबत विश्वासार्हतेची कसोटी अधिक कडक असावी, असे गूगलचे जाहीर धोरण आहे. लेखकाचे नाव, पदवी, नोंदणी आणि लेखाचा दिनांक जुन्या पानांवर होता आणि नव्या 'स्वच्छ' मांडणीत तो काढून टाकला गेला, असे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले. तो परत घालावा.

प्रधानकर्म

नवे संकेतस्थळ तयार होत असताना ते परवलीच्या शब्दामागे बंद ठेवावे. अर्धवट पाने शोधयंत्राने वाचू नयेत यासाठी तंत्रज्ञ त्यांवर 'नोंद करू नये' अशा अर्थाची एक अदृश्य खूणही लावतो. वर्डप्रेसमध्ये तर त्यासाठी एक चौकटच असते. ही खूण उद्घाटनाच्या दिवशी काढावयाची राहून जाते. संपूर्ण संकेतस्थळ शोधातून नाहीसे होण्याचे इतके साधे आणि इतके वारंवार घडणारे दुसरे कारण आम्हाला माहीत नाही. शस्त्रकर्मानंतर पिचू मोजून घ्यावेत, त्याप्रमाणे उद्घाटनानंतर प्रथम ही खूण आणि 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची लहानशी धारिका तपासावी. शोधयंत्राच्या वाचकाने कोठे जाऊ नये, हे या धारिकेत लिहिलेले असते.

आता मुख्य विधी. दुकान हलवताना आपण जुन्या दारावर 'येथील दुकान अमुक पेठेत कायमचे हलवले आहे' अशी पाटी लावतो. संगणकाच्या जगात या पाटीला क्रमांक आहे : ३०१. जुन्या पत्त्यावर कोणी आला की यजमान संगणक ३०१ असे उत्तर देतो, नवा पत्ता सांगतो, आणि पाहणाऱ्याला काही न कळता तो नव्या पानावर पोहोचतो. शोधयंत्रही त्यावरून जुन्या पत्त्याचे श्रेय नव्याकडे वर्ग करते. ३०२ हा क्रमांक 'तात्पुरते हलवले आहे' असे सांगतो. कायमच्या बदलाला तो वापरू नये, कारण शोधयंत्राला त्यातून जुना पत्ताच कायम धरावा असा संकेत मिळतो. तंत्रज्ञाला "रीडायरेक्ट केले का?" असे न विचारता "प्रत्येक पानाला ३०१ लावला का?" असे विचारावे.

'प्रत्येक पानाला' हे शब्द महत्त्वाचे. आमच्याकडे जे घडले ते असे की, तंत्रज्ञाने सर्व जुने पत्ते एका ओळीत मुख्यपृष्ठाकडे वळवले. त्याच्या लेखी काम झाले होते, कोणत्याही जुन्या पत्त्यावर 'पान सापडत नाही' असे येत नव्हते. परंतु पेया शोधणाऱ्या रुग्णेला मुख्यपृष्ठावरील फिरत्या चित्रांचा काय उपयोग? गूगलही असे वळण ग्राह्य मानत नाही, ते पान अस्तित्वातच नाही असे समजते. जुन्या पानाला नवे समानार्थी पान असेल तर तेथेच न्यावे. दोन पाने एकत्र केली असतील तर दोन्ही जुने पत्ते त्या एका पानाकडे न्यावेत. जे पान खरोखरच काढून टाकले, उदाहरणार्थ बंद केलेले एखादे कल्प, तेथे प्रामाणिकपणे ४०४ किंवा ४१०, म्हणजे 'सापडत नाही' किंवा 'काढून टाकले', असे उत्तर जाऊ द्यावे. त्यात कमीपणा नाही.

ज्यांनी यापूर्वीही एकदा पत्ते बदलले आहेत, त्यांनी सर्वांत जुन्या पत्त्यावरून थेट आजच्या पत्त्यावर नेण्याची व्यवस्था करावी. एकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी नको. पानांच्या अंतर्गत दुव्यांतही नवे पत्ते घालावेत. वनस्पतींच्या छायाचित्रांनाही आपापले पत्ते असतात. चित्रांच्या शोधातून येणारे अभ्यासक पुष्कळ असल्याने तेही यादीत घ्यावेत. शेवटी सर्व नव्या पत्त्यांची सूची, जिला साइटमॅप म्हणतात, ती सर्च कन्सोलमध्ये सादर करावी. मूळ नावच, म्हणजे डोमेन, बदलले असेल तर त्याच सेवेत पत्ताबदल कळवण्याची स्वतंत्र सोय आहे.

मोबाइलवरील रूप डोळ्यांखालून घालावे. गूगल संगणकावरील नव्हे, मोबाइलवरील पान वाचून नोंद करते. हा बदल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने होत २०२३ साली पूर्ण झाला. 'मोबाइलवर सुटसुटीत दिसावे' म्हणून अर्धा मजकूर तेथे गाळला असेल, तर तो शोधयंत्रासाठी गळालाच.

आणि एक संयम पाळावा. पत्ते, मजकूर आणि डोमेन हे तिन्ही एकाच दिवशी बदलू नये. तीन नवी औषधे एकदम दिल्यावर पुरळ उठले, तर कोणते थांबवावे? आम्ही दुसऱ्या खेपेस प्रथम पत्त्यांची व्यवस्था लावली, दोन महिने वाट पाहिली, आणि मग मजकुरास हात घातला. काळही निवडावा. वसंतातील वमन आणि शरदातील विरेचन यांविषयी लोक शोध घेऊ लागतात, त्या दिवसांत हे काम काढू नये.

पश्चात्कर्म

पुढील काही आठवडे चढउतार होतात. शोधयंत्राचा वाचक सर्व जुने पत्ते एकाच दिवशी पुन्हा तपासत नाही. मध्यम आकाराच्या संकेतस्थळालाही काही आठवडे लागतात, असे गूगलच सांगते. या काळात घाबरून जुने संकेतस्थळ परत लावणे किंवा पत्ते पुन्हा बदलणे म्हणजे विरेचनाच्या वेगांत स्तंभन देणे होय. सर्च कन्सोलमध्ये आठवड्यातून एकदा ४०४ ची यादी पाहावी. तीत एखादा ओळखीचा पत्ता दिसला, तर तो नोंदवहीतून सुटला होता असे समजून त्याला ३०१ लावावा. आमच्या नोंदवहीतून सात सुटले होते. हल्ली अनेक शोधांना यंत्रच वरती तयार उत्तर देते, त्यामुळे पाहणाऱ्यांची संख्या पूर्वीइतकी भरली नाही तरी सर्व दोष स्थलांतराचा मानू नये. आपली पाने पूर्वीच्या शब्दांना दिसत आहेत का, हे पाहावे.

३०१ च्या पाट्या निदान एक वर्ष ठेवाव्यात, अशी गूगलची शिफारस आहे. आमच्या मते त्या काढण्याचे कारणच नाही. त्यांना खर्च जवळजवळ नाही आणि छापील कागदाला एक वर्षाची मर्यादा नसते. जुने डोमेन सोडले असेल तरी त्याचे वार्षिक शुल्क भरत राहावे. सोडलेले नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. नावाजलेल्या जुन्या पत्त्यांवर डोळा ठेवून ते विकत घेणारे लोक आहेत. आपल्या चिकित्सालयाच्या जुन्या नावावर उद्या कोणी भलतीच 'शक्तिवर्धक' औषधे विकू लागला, तर आपल्या पत्रिका हाती असलेला रुग्ण ती आपलीच समजेल. डोमेन आपल्याच नावे नोंदलेले आहे ना, हेही याच वेळी पाहावे. पुष्कळांच्या बाबतीत ते तंत्रज्ञाच्या नावे निघते.

तंत्रज्ञाशी करावयाच्या करारात आम्ही आता दोन अटी घालतो. नोंदवहीतील प्रत्येक जुना पत्ता आम्ही स्वतः उघडून पाहिल्यावर आणि तो योग्य पानावर पोहोचल्यावरच अखेरचा हप्ता दिला जाईल, ही एक. आणि डोमेन, यजमान संगणक व सर्च कन्सोल यांच्या किल्ल्या आमच्या नावे राहतील, ही दुसरी. प्रामाणिक तंत्रज्ञाला या अटींचा राग येत नाही. दुसऱ्या खेपेस ज्या तरुणाने आमचे काम केले, त्याने तर नोंदवही पाहून "अशी यादी आम्हाला कोणी देतच नाही" असे म्हटले.

संसर्जन क्रमाचे पान आता नव्या पत्त्यावर आहे. २०१० च्या पत्रिकांपैकी काही रुग्णांच्या घरी अजूनही फडताळात जपलेल्या आढळतात. गेल्या शरदात एक गृहस्थ विरेचनासाठी आले, ते वडिलांची पिवळी पडलेली पत्रिका बरोबर घेऊनच. तिच्यावरील पत्ता आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याच मोबाइलवर टाकून पाहिला, आणि पेयेचे पान उघडले.